आबांना गोंदू नका, मी म्हटलं

त्या माणसाने सुई उचलली तेव्हा आबा टेबलावर उताणे पडले होते आणि मी दारात उभी होते. दारात उभं राहायची परवानगी नव्हती. पण परवानगी नाही असं कुणी म्हटलं की मी नेमकी तिथेच उभी राहायचे. तेव्हा माझी तीच रीत होती.

मुंबईचं मोठं हॉस्पिटल, तळघरातली खोली. आबांच्या उजव्या फुफ्फुसात गाठ होती. ऑपरेशनची वेळ गेली, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आता शेक. रेडिएशनला आमच्याकडे सगळे शेकच म्हणतात. पण हा शेक गरम पिशवीसारखा कुठेही धरून चालत नाही. किरण रोज त्याच जागी पडले पाहिजेत, बोटभर इकडे सरकले तर गाठ राहते आणि चांगलं मांस भाजतं. म्हणून आधी माणसाला एक्स-रेच्या मशीनखाली झोपवून गाठ कुठे आहे ते बघतात आणि वर कातडीवर खुणा करतात. त्या खुणांवर रोज मशीनचा उजेड जुळवतात.

टेक्निशियनने आबांच्या छातीवर जांभळ्या शाईने चौकोन काढला, मध्ये फुली मारली. मग एका वाटीतल्या काळ्या शाईत सुई बुडवली. तोंडाने एक शब्द नाही.

"हे काय करताय?" मी विचारलं.

"खुणा पक्क्या करतोय. तीन ठिपके."

"गोंदणार?"

"गोंदणार. पाण्याने जात नाहीत. बाई, तुम्ही बाहेर थांबा."

"कायमचे राहणार का ते?"

"कायमचेच."

मग मी सुटले. मी बावीस वर्षांची होते आणि भाषण माझ्या तोंडात तयारच असायचं. तुम्ही त्यांना विचारलंत का, मी म्हटलं. एका शब्दाने सांगितलंत का काय करणार ते? जनरल वॉर्डातला माणूस म्हणजे गोणी नाही शिक्का मारायला. बाजारात गुरांना डाग देतात तसे तुम्ही गरिबांना डाग देता. वरच्या मजल्यावरच्या पैसेवाल्या पेशंटला न विचारता टोचली असती का सुई?

आबांनी टेबलावरून डावा हात वर केला. "बाये," ते म्हणाले, "अगो बाये..."

मला वाटलं, घाबरले. मी आणखी आवाज चढवला. आबांना गोंदू नका, मी म्हटलं. आमची संमती नाही.

आमची. हा शब्द मी किती सहज वापरला.

टेक्निशियनने सुई वाटीत टाकली. तो चिडलाही नाही, थकलेला दिसला. "नको तर नको. शाईवर चालवू. पण आंघोळ जपून. धुतलं तर माझ्याकडे येऊन रडायचं नाही."

बाहेर आल्यावर मला जिंकल्यासारखं वाटत होतं. आबा शर्टाची बटणं लावत म्हणाले, "मी हात दाखवत होतो त्याला." त्यांच्या डाव्या हातावर होडी गोंदलेली होती, तरुणपणी जत्रेत काढून घेतलेली. सुईची भीती नाय, कर तुजा काम, एवढंच त्यांना सांगायचं होतं. मी म्हटलं, आबा, प्रश्न भीतीचा नाही, प्रश्न हक्काचा आहे. ते म्हणाले, "बरा."

आमचं गाव डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीला लागून. आबा खाडीत जाळं टाकायचे. कंपन्यांचं पाणी खाडीत आलं आणि मासळीला रॉकेलसारखा वास यायला लागला. ती कुणी घेईना, तेव्हा आबा त्याच कंपन्यांपैकी एकीत पोती उचलायला लागले. खाडीसाठी चळवळ करणाऱ्या आमच्या गटाची पत्रकं त्याच्यावरच होती, आणि निम्मी मीच लिहायचे. मला लिहिता येत होतं, बोलता येत होतं, भिंतीवर गेरूने घोषणा रंगवता येत होती, आणि माझं अक्षर सगळ्यांत चांगलं होतं. आबांची गाठ निघाली तेव्हा मला जसं दुःख झालं तसंच, खोटं कशाला बोलू, आता पुरावा घरातच आहे असंही वाटून गेलं. डॉक्टरांनी विचारलं, बिडी ओढता? आबांच्या आधी मी म्हणाले, तुम्ही कंपनीचं विचारा. घरी आल्यावर आबा म्हणाले, "बिडी पन लिव्ह त्यांना. ती काय कंपनीनं नाय दिली."

शेक सुरू झाला. सोमवार ते शुक्रवार आबा आणि आई हॉस्पिटलजवळच्या धर्मशाळेत राहायचे, शनिवारी गावातल्या एकाच्या टॅक्सीने शीळफाट्यावरून घरी यायचे. छातीला साबण नाही, तेल नाही, घासायचं नाही. आई ओल्या फडक्याने त्यांचे हातपाय आणि पाठ पुसायची. छातीपाशी आली की श्वास रोखून बाजूने जायची. होडीला नवा रंग दिला की तो सुकेपर्यंत आबा कुणाला हात लावू देत नसत. तसेच ते आता स्वतःला सांभाळत होते. उकाड्यात शर्ट उघडा टाकून ओट्यावर बसायचे. येणारे जाणारे थांबायचे.

"काय रं, शिंप्याकडं गेलतास काय? माप काढलाय छातीचा."

"कोट शिवतंय," आबा म्हणायचे. "पोरीचे लग्नात घालाया."

माझं लग्न ठरलेलं होतं. तो आंबिवलीचा, आमच्याच गटातला. आम्ही कल्याणला नोंदणी करणार होतो, दोन हार आणि चहा, बास. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. रात्रभर वाजणारा बेंजो काय, जेवणं काय, गाव उलटतं आणि बाप पुढची काही वर्षं ते फेडत बसतो. त्याच्याविरुद्ध आम्ही पत्रक काढलं होतं. मथळा माझा होता. मी ते गावात घरोघर वाटलं होतं. आमच्या आत्याने मला तोंडावर सांगितलं होतं, "तुजे कागदान माजे नातवानं भेल खाल्ली. चांगला झाला, कामाला आला."

ही आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. शेकाच्या दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात ती ओट्यावर येऊन बसली आणि माझ्याकडे न बघता आबांना म्हणाली, "तुजे पोरीची हलद मी बघनार का नाय?"

आबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. समोर खाडीकडे बघत राहिले. त्यांनी मागितलं असतं तर मी वाद घातला असता. त्यांनी मागितलं नाही, म्हणून मी हरले. माझ्या होणाऱ्या नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पत्रकात काय छापलंय ते विसरलीस काय गं?" मी म्हटलं, विसरले नाही. माझा बाप मरतोय. तो मग म्हणाला, "बेंजो तरी चांगला सांग."

शनिवारी हळद, रविवारी लग्न, सोमवारी आबा परत हॉस्पिटलात. एकही शेक चुकणार नव्हता. हे सगळं मी आखलं होतं. पण एक गोष्ट आखण्यात बसत नव्हती. आमच्या घरात मुलीच्या हळदीच्या आधी तिच्या बापाला हळद लागते. त्याची बहीण लावते, उघड्या छातीला, आणि मग त्याच्या अंगावरची हळद मुलीच्या गालाला. असं का, ते कुणाला माहीत नाही.

मी आत्याकडे जाऊन समजावलं. कपाळाला लाव, हाताला लाव, छातीला नको. ती हो म्हणाली. तरी मी पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात लिहिलं, आबांच्या छातीस हळद लावू नये, आणि मांडवाच्या खांबाला आंब्याच्या डहाळीशेजारी टांगलं. येणारी प्रत्येक बाई त्याच्याखाली थांबून हसली. "बापाचे छातीवर पन मोर्चा काढलास गो?" माझी चुलत बहीण म्हणाली. "घोशना काय द्याची, ती पन सांग."

संध्याकाळी धवलारीण, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी म्हातारी, गायला लागली. आबा पाटावर बसले. आत्याने त्यांच्या कपाळाला हळद लावली, दोन्ही हातांना लावली, आणि थांबली. तिचा हात हळदीने भरलेला, तसाच वर. आबांनी बनियन काढली.

मी समोरच होते, दुसऱ्या पाटावर. मला उठायचं नव्हतं, नवरी पाटावरून उठत नाही. पण मी कुठे तसलं मानत होते? मी उठू शकले असते. आबांनी माझ्याकडे बघून मान हलवली, बस म्हणून. त्यांचा चेहरा इतका सुखी होता की माझ्या तोंडात तयार असलेलं भाषण तोंडातच राहिलं. आयुष्यात एकदा गप्प बसले ती तेव्हा.

आत्याने सांभाळून लावली, चौकोनाच्या कडेकडेने. तिच्या मनात वाईट नव्हतं. पण मग बेंजो सुरू झाला, आबा उठून नाचले, खोकत खोकत नाचले, कुणी त्यांना मिठी मारली, कुणी पाठीला लावली, कुणी पुढे लावली. घाम, तेल, हळद. सकाळी आईने बघितलं तर छाती सगळी पिवळी. हळद अंगावर ठेवून लग्नाला उभं राहत नाहीत. तिने कोमट पाणी घेतलं आणि हलक्या हाताने पुसायला लागली. हलक्याच हाताने. पण हळदीबरोबर जांभळं पाणी खाली यायला लागलं तेव्हा तिने मला हाक मारली.

एक कोपरा उरला होता. फुलीचा एक पाय, तोही पुसट.

आई रडायला लागली. "मीच मेलीनं पुसला." आत्या दारातूनच मागे फिरली आणि मांडवात जाऊन बसली, दिवसभर कुणाशी बोलली नाही. दोघींना वाटत होतं आपण केलं. मी हिरवा चुडा भरून उभी होते आणि मला तळघरातल्या त्या वाटीतली सुई दिसत होती. तीन ठिपके. हळदीचा बापही ते पुसू शकला नसता.

"तुजा हात चांगला हाय," आई म्हणाली. "तू काढ ना. तवरंच तं हाय."

मी काढला. पोस्टरचा जांभळा मार्कर घेतला, उरलेल्या कोपऱ्यापासून सुरुवात केली, मी किती वेळा बघितला होता तो चौकोन, डोळे मिटून काढू शकले असते. फुली मारली. आईने हात जोडले. "अगदी तसाच." आबांनी खाली मान घालून बघितलं. "त्याच्यापेक्षा बरा काढलास. त्याची रेग वाकडी व्हती."

मग मी लग्नाला उभी राहिले. सगळे म्हणत होते, नवरी किती गंभीर.

सोमवारी नवऱ्याला सांगून मी आबांबरोबर हॉस्पिटलला गेले. टॅक्सीत आबांनी शर्टाचं वरचं बटण उघडून परत परत बघितलं. शेकाच्या खोलीबाहेर आमचा नंबर आला. आत टेबल दिसत होतं, वर मशीनचं डोकं. तोच टेक्निशियन. आता तो माझ्या चौकोनावर उजेड जुळवणार होता. उजेड जुळला असता. चौकोन चांगला होता ना. फक्त त्याच्याखाली गाठ होती की नव्हती, ते मला माहीत नव्हतं.

"थांबा," मी म्हटलं. "त्या खुणा खऱ्या नाहीत."

आबांनी माझा दंड धरला. "गप ऱ्हा. नंबर जाल."

"आबा, तो भलतीकडे शेक देईल."

"नाय देनार. तू बरोबर काढलाय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तो तुना बोलंल. सगल्यांसमोर बोलंल."

त्यांना त्याची काळजी होती. आपली छाती चुकीच्या जागी भाजली तरी चालेल, पण पोरीला लोकांसमोर कुणी बोलू नये.

मी आत जाऊन सांगितलं. हळद, पाणी, मार्कर, सगळं. टेक्निशियनने आबांच्या छातीकडे बघितलं, बोटाने एक रेघ मोजली, परत बघितलं. "नाही. हे सरकलंय." मग माझ्याकडे बघितलं. "तुम्हीच ना त्या दिवशी डाग देता म्हणून ओरडलेल्या?"

"हो."

"मग आता?"

तो बोलला, आबांना भीती होती तेवढा नाही, थोडाच. परत मोठ्या मशीनखाली झोपवून सगळं पहिल्यापासून करावं लागेल, त्या मशीनला रांग आहे, पंधरवडा जाईल. तोवर शेक बंद.

तो पंधरवडा आबा घरी होते. मी रोज आंबिवलीहून यायचे. नव्या सुनेने रोज माहेरी जाणं सासूला आवडत नव्हतं आणि ती ते बोलूनही दाखवायची. मी ऐकून घ्यायचे. कुणीतरी बोलतंय ते बरंच वाटायचं. घरी आई बोलत नव्हती, आबा बोलत नव्हते. खोकल्यात रक्त यायला लागलं होतं. आई थुंकायला तांब्यात राख घालून त्यांच्याजवळ ठेवायची आणि मी आले की तो तांब्या मागे सरकवायची.

मी एक पत्रक लिहायला घेतलं. एवढ्या माणसांना खुणा करायचं मशीन एकच, आणि माणसं घरी बसून रक्त ओकतात. पहिली ओळ लगेच सुचली. ती खरी होती, आजही खरी आहे. मग त्या रांगेत माझा बाप दुसऱ्यांदा का उभा आहे, ते लिहायची वेळ आली. कागद तिथेच राहिला. दुसऱ्या कुणीतरी लिहायला हवं होतं ते. रांग खरीच होती. त्या माणसाने न विचारता सुई उचलली होती, हेही खरंच होतं. मी चुकीचं काही बोलले नव्हते, हे मी स्वतःला कितीदा सांगितलं, आणि दर वेळी डोळ्यासमोर आबांचा वर केलेला हात आला. त्याने विचारलं नाही. मीही कुठे विचारलं?

एका दुपारी मी आबांना ते बोलून दाखवलं. मी नको म्हटलं म्हणून हे झालं.

"तू बोललीस," ते म्हणाले. "मी कुठं बोललो? मी बाप ना तुजा."

"तुम्ही बोलत होता आबा. मी ऐकलं नाही."

"तुजेपुढं कोन बोलल?" ते हसले आणि हसण्याने खोकला आला. बराच वेळ आला. मग म्हणाले, "खारीसाठी बोलतंस ना, तवा मना लय बरा वाटतं. खारीला तोंड नाय. मना हाय."

खाडीला ते खारी म्हणत. हे ते चिडून बोलले नाहीत. चिडले असते तर सोपं गेलं असतं.

डॉक्टरांना मी विचारलं, खंड पडल्याने किती नुकसान झालं. ते म्हणाले, खंड चांगला नाही. किती वाईट, ते सांगता येत नाही. मी वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही म्हणजे खरंच येत नाही, मी लपवत नाही. शेक पुढे पूर्ण झाला. आबा त्यानंतर एक पावसाळा बघून गेले. खंड पडला नसता तर आणखी किती बघितले असते, याचं उत्तर कुणाकडे नाही. उत्तर असतं तर मी ते कबूल करून मोकळी झाले असते. नाही, म्हणून मोकळी होता येत नाही.

पंधरवडा संपला आणि आम्ही परत तळघरात गेलो. तोच टेक्निशियन. त्याने जांभळा चौकोन काढला, सुई घेतली, आणि या वेळी थांबला. वाकून आबांना म्हणाला, "काका, हे तीन ठिपके गोंदतो. थोडं टोचेल. कायमचे राहतील. करू का?"

आबांनी टेबलावरून मान वळवली आणि दाराकडे, माझ्याकडे बघितलं.

टेक्निशियननेही बघितलं. दोघं माझं तोंड उघडायची वाट बघत होते. मी "त्यांना विचारा" असं म्हटलं. टेक्निशियन म्हणाला, "विचारतोय." आबांची मान तशीच वळलेली. कायमचं काय करायचं ते पोरीला विचारून करायचं, हे मीच त्यांना शिकवलं होतं.

मी मागे सरकले आणि दार ओढून घेतलं.

बाहेर बाकावर जागा होती, पण मी उभी राहिले. दार जाड होतं, आतलं काही ऐकू येत नव्हतं. बरेच पेशंट शर्टाची बटणं उघडी टाकून बसले होते, आणि मी कुणाच्याच छातीकडे बघितलं नाही.

दार उघडून आबा बाहेर आले. मी काही विचारलं नाही. जिन्याच्या अर्ध्यावर दम खायला थांबले तेव्हा तेच म्हणाले, "टोचला थोरा. तीन बी करून घेतले. बरा झाला तू बाहेर गेलीस. मंग त्याला मनाच इचारायला लागला."